हाताला पेलेल असा चित्रपट : प्रस्तावना

दादासाहेब फाळके यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज' नावाचा एक छोटा चित्रपट केला. त्यात नट नव्हते. आगपेटीतल्या काड्याच पडद्यावर आपल्या आपण हलत होत्या. काडी किंचित सरकवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायची, पुन्हा टिपायची, एवढीच त्यामागची क्रिया. त्या चित्रपटाची प्रत आज उरलेली नाही. त्याच्या सात वर्षे आधी, 1908 साली, फ्रान्समध्ये एमिल कोल यांनीही काड्यांनाच नाचवले होते. आणि 2006 साली मुंबईच्या गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा 15 मिनिटांचा लघुपट आला, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी पुन्हा आगपेटीच होती. शहरातल्या एका फ्लॅटमध्ये मांजरीच्या सोबतीने राहणारी एकटी म्हातारी आगपेट्यांवरच्या छापील चित्रांत शिरते आणि तिच्या रंग उडालेल्या दिवसांत अख्खी दुनिया उघडते. राव यांनी हा लघुपट एकटीने, फ्रेममागून फ्रेम रंगवत, सुमारे तीन वर्षांत केला. कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात त्याला तीन पुरस्कार मिळाले.

तिघांच्याही हाती आगपेटीच यावी हा योगायोग असेल. पण त्यात एक तर्क आहे. काडी सरळ असते, सगळ्या काड्या सारख्या असतात, ती काढावी लागत नाही, एका टेबलावर मावते आणि एका माणसाला हलवता येते. आगपेटीवरचे चित्र तर इवल्याशा चौकटीत आपली शैली, आपले रंग आणि आपली गोष्ट घेऊनच आलेले असते. एकट्या माणसाला पेलेल अशी वस्तू सापडली की त्याचा अर्धा चित्रपट ठरलेला असतो. हे पुस्तक अशा निवडींविषयी आहे.

ते कोणासाठी लिहिले, हे आधी सांगतो. चित्र काढता येते, संगणक किंवा टॅबलेट हाताशी आहे, मनात एक गोष्ट घोळते आहे, आणि निर्माता, स्टुडिओ, चमू यांपैकी काहीही नाही, अशा माणसासाठी. तो कला महाविद्यालयातला विद्यार्थी असेल, जाहिरातीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांची चित्रे हलवणारी तरुणी असेल, किंवा निवृत्तीनंतर ब्रश हाती घेतलेले शिक्षक असतील. या सगळ्यांना मराठीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकट्याच्या कामाची वाट दाखवणारे पुस्तक हवे असे मला फार वर्षे वाटत आले. अ‍ॅनिमेशनची बहुतेक पुस्तके स्टुडिओतल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यांतून हालचालीचे नियम उत्तम शिकता येतात. एकट्याने काय करायचे आणि काय करायचेच नाही, हे मात्र त्यांत फारसे सापडत नाही.

याचे कारण इतिहासात आहे. अ‍ॅनिमेशनची सुरुवात जवळजवळ एकट्याच्याच कामातून झाली. कोल यांचा 'फांतास्मागोरी' हा 1908चा चित्रपट सुमारे 700 रेखाचित्रांचा. काळ्या फळ्यावर खडूने काढल्यासारखी पांढरी रेघ माणूस होते, हत्ती होते, घर होते. अमेरिकेत विन्सर मॅके यांनी 1914 साली 'गर्टी द डायनासोर' केला. त्यात गर्टी मॅके यांनी स्वतः काढली. मागचे खडक आणि तळे मात्र प्रत्येक कागदावर पुन्हा गिरवावे लागत होते, आणि ते काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण मदतनिसाने केले. त्याच वर्षी अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारे पात्र पारदर्शक तावावर काढून तिच्यावर ठेवायचे. या एका युक्तीने चित्राचे थर वेगळे झाले आणि थरांबरोबर माणसेही वेगळी झाली. एक जण मुख्य मुद्रा काढणार, दुसरा त्यांच्या मधली चित्रे भरणार, तिसरा रेघ साफ करणार, चौथा रंग देणार, पाचवा पार्श्वभूमी रंगवणार. स्टुडिओ उभा राहिला तो या श्रमविभागणीवर.

आपल्याकडेही हीच पद्धत आली. पुण्याच्या प्रभातने 1930च्या दशकात 'जंबू काका' हे व्यंगचित्र केले. 1956 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेमध्ये काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तिथल्या तरुणांना शिकवले, 1957 साली 'द बनियन डिअर' तयार झाला आणि राम मोहन यांच्यासारखा भारतीय अ‍ॅनिमेशनचा आधारवड तिथे घडला. 1974 साली विजया मुळे आणि भीमसेन यांनी केलेला 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहत माझ्या वयाची माणसे मोठी झाली. या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. पण या परंपरेमुळे एक समजूत पक्की झाली: अ‍ॅनिमेशन म्हणजे अनेकांचे काम, आणि एकट्याने केलेला चित्रपट म्हणजे त्याची छोटी, कमी पैशांची आवृत्ती. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी या समजुतीशी वाद घालतो आहे. एकट्याचा लघुपट ही स्वतंत्र जात आहे. तिचे व्याकरण एका माणसाच्या तासांतून आणि हाताच्या मर्यादेतून तयार होते. जो हे सुरुवातीला ओळखतो त्याचा चित्रपट पूर्ण होतो, आणि पुष्कळदा सुंदरही होतो.

म्हणून आधी हिशोब. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन फ्रेमपुरते ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रे लागतात. एका मिनिटाला 720, पाच मिनिटांना 3600. कच्चे रेखाटन, पक्की रेघ आणि रंग मिळून एका चित्राला सरासरी 20 मिनिटे धरली तर 1200 तास होतात. रोज चार तास दिले तर 300 दिवस. नोकरी सांभाळून रोज दोन तास मिळत असतील तर 600 दिवस, आणि त्यात गोष्ट रचणे, पार्श्वभूमी, आवाज, संकलन यांपैकी काहीच धरलेले नाही. हे आकडे पाहून पुष्कळ जण खचतात. मला वाटते, याच आकड्यांपाशी कलेला सुरुवात होते. 3600 चित्रे काढता येणार नसतील तर कोणती काढायची आणि कोणती नाही, हे ठरवावे लागते. आणि काय दाखवायचे, काय वगळायचे हे ठरवणे म्हणजेच दिग्दर्शन. पात्र दहा सेकंद चालणार असेल तर 120 चित्रांची गरज नाही. एका पूर्ण पावलाच्या जोडीची 12 चित्रे काढून ती फिरवता येतात. पात्र ऐकत असेल तर ते स्थिर राहू शकते, फक्त पापणी हलली तरी ते जिवंत असते. दाराबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तर गाडी काढावीच लागत नाही. प्रत्येक वगळलेले चित्र प्रेक्षकाच्या कल्पनेवर टाकलेला विश्वास असतो.

मोठ्या एकांड्या कलावंतांची शैली जवळून पाहिली की तिच्या मुळाशी असाच काहीतरी हिशोब सापडतो. माकोतो शिंकाई यांनी गेम कंपनीतली नोकरी सोडून, घरच्या संगणकावर, 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' हा सुमारे 25 मिनिटांचा चित्रपट केला. तो 2002 साली आला. मुलगी अंतराळात दूर दूर जाते आहे, मुलगा पृथ्वीवर आहे, आणि त्यांचे मोबाइलवरचे निरोप पोहोचायला आधी महिने आणि मग वर्षे लागू लागतात. ही कथा एकट्याला पेलणारी का आहे पाहा: पात्रे समोरासमोर फारशी बोलत नाहीत, निरोप मनातल्या आवाजात ऐकू येतात, त्यामुळे ओठ फारसे हलवावे लागत नाहीत, आणि विरहाचा भार आकाश, जिने, रेल्वे फाटक, रिकामा वर्ग हे सगळे उचलतात. शिंकाई यांची ओळख बनलेली ती तेजस्वी आकाशे इथेच घडली. पात्र हलवणे महाग होते, पार्श्वभूमी एकदाच रंगवायची होती. मग भावना पार्श्वभूमीत आली.

आयर्लंडच्या डेव्हिड ओरायली यांनी 'प्लीज से समथिंग' या 2009च्या लघुपटात थ्री-डी प्रतिमा गुळगुळीत, खऱ्यासारखी करण्याचा हट्टच सोडला. कोनदार आकार, खडबडीत कडा, सपाट रंग. उंदीर आणि मांजर यांच्या संसाराची ती करुण गोष्ट बर्लिन महोत्सवातून लघुपटांच्या गटातला गोल्डन बेअर घेऊन आली. जगाचे नियम पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एकसारखे पाळले तर प्रेक्षक ते जग खरे मानतो. ते हुबेहूब असण्याची गरज नसते, ही त्यातली शिकवण. अमेरिकेतले डॉन हर्ट्झफेल्ट काड्यांच्या हातापायांची माणसे काढतात आणि त्यांच्याकरवी स्मृती, मृत्यू, वेड यांविषयी बोलतात. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'अवे' हा सव्वा तासाचा चित्रपट 2019 साली एकट्याने पूर्ण केला, संगीतासकट. त्यात एकही संवाद नाही. एक मुलगा, एक मोटरसायकल, एक पक्षी, आणि मागून संथपणे येणारी एक काळी महाकाय आकृती. पात्रे मोजकी, जागा विस्तीर्ण, भाषेची अडचण नाही. पुढे त्यांनी छोटा चमू घेऊन 'फ्लो' केला आणि 2025 साली त्याला ऑस्कर मिळाले; पण पाणी, प्राणी आणि शब्दांवाचून गोष्ट सांगणे ही त्यांची भाषा एकट्याने काम करतानाच तयार झालेली होती.

गीतांजली राव यांचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकलेल्या आणि रंगभूमीवर वावरलेल्या या कलावतीने 'प्रिंटेड रेनबो'त दोन जगे दोन रंगांत वाटून टाकली. म्हातारीचे घर फिके, मोजके, जवळजवळ स्थिर. आगपेटीतली जगे भरगच्च आणि रंगीत. घरातल्या दृश्यांत हालचाल कमी आहे, कारण तिचे आयुष्यच थांबलेले आहे. श्रमाची बचत आणि कथेचा अर्थ एकाच निर्णयातून साधलेले दिसतात, म्हणून तो निर्णय मला मोठा वाटतो. याच दिग्दर्शिकेने पुढे 'बॉम्बे रोज' हा पूर्ण लांबीचा चित्रपट करताना चित्रकारांचा मोठा चमू घेतला. लांबी बदलली की रीत बदलते, हे त्यांनी ओळखले होते.

पुस्तकाची मांडणी या हिशोबाच्या क्रमानेच केली आहे. पहिला भाग गोष्ट निवडण्याचा. दुसरा स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिकचा. या दुसऱ्या भागावर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे कच्च्या चित्रांना खऱ्या वेळेत बसवून, कच्च्या आवाजासह केलेला अख्खा चित्रपट. घर बांधण्याआधी जमिनीवर चुन्याची फक्की मारून खोल्या आखतात आणि त्या रेघांमधून चालून पाहतात, तसे हे काम आहे. भिंत उभी राहिल्यावर ती हलवणे महाग. फक्की पायाने पुसता येते. आपल्या वरच्या हिशोबाने अ‍ॅनिमॅटिकमधून 20 सेकंद कापले तर 240 चित्रे आणि 80 तास वाचतात. गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला तो दाखवा, मधे काही समजावू नका, आणि नंतर त्याला फक्त गोष्ट परत सांगायला सांगा. तो कुठे अडखळतो, काय गाळतो, कोणती गोष्ट स्वतःहून जोडतो, ते लिहून घ्या. चांगला की वाईट हा प्रश्न या टप्प्यावर कामाचा नाही. थ्री-डीमध्ये काम करणाऱ्यांना वेगळी वाट आहे: झिल्बालोडिस स्टोरीबोर्ड न काढता संगणकातल्या जागेत कॅमेरा फिरवून दृश्ये शोधतात. वाट कुठलीही घ्या. पक्की चित्रे सुरू करण्याआधी अख्खा चित्रपट एकदा सलग पाहिलेला असला पाहिजे.

तिसरा भाग हालचालीचा आहे, आणि तो मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे. मुख्य मुद्रा, मधली चित्रे, वजन, वेग, थांबा या गोष्टी शिकवणारी उत्तम पुस्तके आहेत. रिचर्ड विल्यम्स यांचे 2001चे 'द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' त्यांपैकी एक. मी फक्त एकट्याच्या दृष्टीने कोणते नियम आधी शिकावेत ते सांगितले आहे. त्यांत पहिला नियम थांब्याचा. नवशिका सतत हालचाल करत राहतो, कारण थांबले की चूक दिसेल अशी त्याला भीती वाटते. थांबा घेता आला की हालचालीला अर्थ येतो.

चौथा भाग आवाजाचा, आणि माझ्या मते एकट्या कलावंताची खरी शक्ती इथे आहे. आवाज मिनिटांत मिळतो, चित्राला दिवस लागतात. पंखा बंद करून, गोधड्या टांगून, साध्या मायक्रोफोनवर घरात उत्तम ध्वनिमुद्रण होते. पापड मोडला की वाळकी काटकी तुटते, ओला रुमाल आपटला की मासा तडफडतो. हर्ट्झफेल्ट यांनी 2015च्या 'वर्ल्ड ऑफ टुमॉरो'साठी आपल्या चार वर्षांच्या भाचीचे, ती चित्रे काढत असतानाचे बोलणे मुद्रित केले आणि त्या बोलण्याभोवती पटकथा गुंफली. चार वर्षांच्या मुलीला संवाद पाठ करायला लावता येत नाहीत. तिचे खरे आश्चर्य आणि खरे भरकटणे यांतून ती कथा उभी राहिली. मराठीत काम करणाऱ्याला तर आवाजाचे भांडार दारात आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून एक साधी घटना ऐकून पाहा. तिच्या लयीतच दृश्यांची कापणी मिळते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथीकार चित्र स्थिर धरून कथा गातात. चित्र थांबते आणि आवाज त्याला चालवतो. एकट्याच्या अ‍ॅनिमेशनला याहून जवळची परंपरा मला ठाऊक नाही. निवेदनावर चालणाऱ्या गोष्टीत ओठांचे मेळ बसवावे लागत नाहीत, आणि परभाषिक प्रेक्षकासाठी उपशीर्षके आहेतच. तेव्हा महोत्सवात जायचे म्हणून मराठी सोडू नका.

आवाजाबरोबर हक्कांचा प्रश्न येतो आणि तो आधीच सोडवावा लागतो. अमेरिकेच्या नीना पेली यांनी 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा रामायणावरचा पूर्ण लांबीचा चित्रपट घरच्या संगणकावर केला आणि तो 2008 साली महोत्सवांत गाजला. त्यात अ‍ॅनेट हॅनशॉ यांची 1920च्या दशकातली गाणी आहेत. जुनी ध्वनिमुद्रणे अडचणीची नव्हती, पण त्या गाण्यांच्या रचनांचे हक्क कायम होते, आणि ते सोडवायला सुमारे 50,000 डॉलर मोजावे लागले. आपल्या कायद्यातही हे हक्क वेगवेगळे आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर 60 वर्षे. म्हणजे एखाद्या जुन्या नाट्यगीताची तबकडी मोकळी झालेली असेल आणि तिच्यातले शब्द मात्र नसतील. आवडत्या गाण्यावर दृश्य बेतण्याआधी हे तपासा. गाणाऱ्या मित्राकडून नवी चाल करून घेणे बहुतेक वेळा स्वस्तही असते आणि चित्रपटाच्या अंगालाही बसते.

साधनांचा भाग शेवटी ठेवला आहे, कारण साधने बदलत राहतात. तरी एक घटना इथे नोंदवायला हवी. 2002 साली ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत 1 लाख युरो जमवले आणि ते सर्वांसाठी खुले करून घेतले. 'फ्लो' त्याच ब्लेंडरमध्ये तयार झाला. 2016 साली तूंझ या सॉफ्टवेअरची आवृत्ती ओपनतूंझ या नावाने खुली झाली. जपानच्या स्टुडिओ जिबलीने वापरलेले हे साधन आज कोणालाही फुकट मिळते. रंगकामासाठी क्रिटा आहे. हर्ड यांच्या सेल्युलॉइडने थर वेगळे केले आणि माणसे विभागली; संगणकाने ते सगळे थर पुन्हा एका टेबलावर, एका माणसापुढे आणून ठेवले. म्हणून आजची वेळ एकट्या कलावंताला अनुकूल आहे. साधन निवडा, चित्रपट पूर्ण होईपर्यंत ते बदलू नका, आणि कामाच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

'एकट्याने' याचा अर्थ मी काटेकोर घेतलेला नाही. फाळके यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरून, त्याचा वेल होईपर्यंत फ्रेम टिपत, 'अंकुराची वाढ' हा चित्रपट केला. तो पाहून भांडवल मिळाले आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. त्या सगळ्या खटाटोपात फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. छायाकृतींचा 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद' करणाऱ्या लोटे रायनिगर यांना पती कार्ल कोख यांची साथ होती. रशियन अ‍ॅनिमेटर यूरी नोर्श्टाइन यांच्या चित्रपटांतली चित्रे पत्नी फ्रांचेस्का यारबुसोवा यांची आहेत. शिंकाई यांना तेन्मोन यांचे संगीत मिळाले. 'एकटा' याचा अर्थ निर्णय आणि मुख्य श्रम एका माणसाचे. मदत घ्यावी, तिची कदर श्रेयनामावलीत ठळकपणे करावी, आणि घरातल्या माणसाचे श्रम गृहीत धरू नयेत.

पूर्ण करणे हा या पुस्तकाचा खरा विषय आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. नोर्श्टाइन 1981पासून गोगोलच्या 'ओव्हरकोट'वर काम करत आले. जे तुकडे लोकांनी पाहिले ते थक्क करणारे आहेत, पण चित्रपट अपुरा आहे. रिचर्ड विल्यम्स यांनी 1960च्या दशकात आरंभलेला 'द थीफ अँड द कॉब्लर' जवळजवळ तीन दशके चालला आणि 1992 साली त्यांच्या हातातून काढून घेतला गेला. त्याच विल्यम्स यांनी ऐंशी ओलांडल्यावर 'प्रोलॉग' हा सहा मिनिटांचा लघुपट कागदावर पेन्सिलीने, स्वतःच्या हाताने काढून पूर्ण केला, आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. जगातल्या श्रेष्ठ हातांपैकी एक हात, तीन दशके आणि मोठी माणसे घेऊनही जे त्याला मनासारखे करता आले नाही, ते सहा मिनिटांत झाले. अमेरिकेतले अ‍ॅनिमेटर बिल प्लिम्प्टन तरुणांना नेहमी सांगतात: लहान करा, स्वस्तात करा, गमतीदार करा. गमतीविषयी माझा आग्रह नाही. पहिल्या दोन गोष्टींविषयी आहे. ऑस्कर 40 मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानते, पण ही मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे. पहिला चित्रपट तीन मिनिटांचा असावा.

पूर्ण करण्यासाठी शरीरही टिकले पाहिजे. कॅनडाचे फ्रेडरिक बॅक यांनी 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज' हा 1987चा अर्ध्या तासाचा चित्रपट सुमारे पाच वर्षे, एका सहायकाच्या मदतीने, हजारो चित्रे रंगीत पेन्सिलींनी काढून केला. त्याआधीच्या 'क्रॅक!'च्या वेळी चित्रांवर फवारण्याच्या फिक्सेटिव्हमुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. मनगट, मान, पाठ आणि डोळे ही या कामाची पहिली भांडवली गुंतवणूक. तासाला उठणे, टेबलाची उंची नीट ठेवणे, आठवड्यात एक दिवस पेन न उचलणे, हे मी हालचालीच्या नियमांइतक्याच गंभीरपणे लिहिले आहे.

पैशांविषयी स्पष्ट बोलायला हवे. लघुपटातून खर्च निघेलच असे धरून चालू नका. मुंबईत 1990पासून भरणारा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा मिफ महोत्सव, फ्रान्समधला 1960 साली सुरू झालेला आन्सी महोत्सव, अशा ठिकाणी चित्रपट गेला की प्रेक्षक भेटतात, काम करणारी माणसे भेटतात, पुढची कामे मिळतात. पण नोकरी किंवा दुसरे काम सांभाळून हा चित्रपट करणे यात कमीपणा नाही. उलट पोट दुसरीकडून भरत असेल तर चित्रपटावर कोणाचेही दडपण राहत नाही, आणि कोणालाही पटवून न देता एखादी विचित्र, नाजूक, अगदी खाजगी गोष्ट सांगण्याची मुभा मिळते. मोठ्या बैठकीत ती गोष्ट पहिल्याच फेरीत बाद झाली असती. या मुभेसाठीच एकट्याने काम करायचे असते.

हे पुस्तक लिहिताना ज्या विद्यार्थ्यांनी आपले अर्धे राहिलेले आणि पुरे झालेले चित्रपट मला दाखवले, त्यांचा मी ऋणी आहे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांवरूनच प्रकरणांचा क्रम ठरला.

आता एक काम. पहिले प्रकरण उघडण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा: आठवड्याला खरोखर किती तास देता येतील, आणि तुमच्या शैलीतले एक चित्र पुरे व्हायला किती मिनिटे लागतात. दुसरा आकडा अंदाजाने लिहू नका. पाच चित्रे काढा आणि घड्याळ लावा. समजा आठवड्याला दहा तास मिळतात. आजारपण, सणवार, लग्नकार्ये वजा जाता वर्षाचे 500 तास होतील. त्यांतले 200 गोष्ट, अ‍ॅनिमॅटिक, पार्श्वभूमी आणि आवाजाला द्या. उरलेल्या 300 तासांत, 20 मिनिटांना एक याप्रमाणे, 900 चित्रे होतात. अखंड हालचाल म्हटली तर ती जेमतेम 75 सेकंदांची. थांबे, फिरती चित्रे आणि आवाज यांनी नीट पसरली तर तीन मिनिटांची. ही तीन मिनिटे तुमची आहेत, आणि त्यांत एक माणूस, एक जागा आणि एक बदल मावतो. तो बदल कोणता, हे शोधायला पहिले प्रकरण सुरू करू या.